सव्वापट पाऊस

आमच्या घरावरच्या पर्जन्यमापकानं दोन पावसाळे चुकीचे आकडे दिले. पहिल्या पावसाळ्यात तो जास्त दाखवत होता, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात कमी दाखवायला लागला, तेव्हा मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वर चढलो. खरं तर सगळी गोष्ट एवढ्यातच आली. पण तपशील सांगायला हवेत, कारण त्यात माझी हुशारी ठासून भरलेली आहे.

बँकेतून निवृत्त झाल्यावर चिपळूणजवळच्या आमच्या मूळ गावी, वाडीतल्या घरी राहायला आलो आणि निवृत्तीच्या पैशातली पहिली चैन म्हणून घरगुती वेदर स्टेशन मागवलं. वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या वाट्या, दिशा दाखवणारं पातं, तापमान आणि आर्द्रतेची पांढरी छत्री, आणि पर्जन्यमापक. कोकणात तापमान-आर्द्रतेत पाहण्यासारखं काय असतं? जूनमध्ये आर्द्रता नव्वदीत जाते ती तिथेच मुक्काम ठोकते. खरं आकर्षण पावसाचं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पडतो, आणि तो आपल्या डोक्यावर नेमका किती पडला हे कळावं, अशी माझी लहानपणापासूनची इच्छा.

यंत्र तसं साधं. वर सोळा सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं, त्याच्या तळाशी जाळी, आणि खाली आडव्या आसावर पाठीला पाठ लावून बसवलेले दोन छोटे पेले. एक पेला भरला की लवंडतो, पाणी खालच्या भोकातून निघून जातं आणि दुसरा पेला नरसाळ्याखाली येतो. पेल्यांच्या मध्ये एक लोहचुंबक असतो. प्रत्येक लवंडण्याला तो रीड स्विचसमोरून सरकतो, काचेच्या इवल्या नळीतल्या दोन लोखंडी पात्या क्षणभर एकमेकींना चिकटतात आणि घरातल्या डिस्प्लेला कळतं की एक टिप झाली. म्हणजे यंत्र पाणी मोजतच नाही. ते टिपा मोजतं. टिपांना कशानं गुणायचं हे डिस्प्लेला आपण सांगायचं असतं. ही शेवटची दोन वाक्यं मी तेव्हा नीट समजून घेतली असती तर पुढचं काही घडलं नसतं. असं लवंडणारं भांडं क्रिस्टोफर रेन या इंग्रजानं १६६२ च्या सुमारास बनवलं होतं, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरत लुटली त्याच्याही आधी. इतक्या जुन्या युक्तीत बिघडण्यासारखं काय असणार, अशी माझी समजूत.

ते कुठे बसवायचं याचे नियम आहेत. हवामान खात्याच्या साध्या पर्जन्यमापकाचा काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर असतो, आणि जवळचं झाड किंवा घर स्वतःच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर लागतं. आमच्या आगरात माड-पोफळी अशा दाटीनं की दुप्पट अंतर मोजायला गेलं तर पलीकडच्या वाडीत पोचायचं. म्हणून मी ते जिन्याच्या डोक्यावरच्या स्लॅबवर, लोखंडी पाइपावर चढवलं. उंचावर वारा जास्त, आणि वारा थेंब नरसाळ्यावरून उडवून नेतो, त्यामुळे अशा जागी पडतो त्यापेक्षा कमीच पाऊस पकडला जातो. हे मी पुस्तिकेत वाचलेलं होतं. पुढे अख्खा पावसाळा माझे आकडे जास्त येत होते, तेव्हा हे ज्ञान कुठे गेलं होतं कोण जाणे.

आमच्या वरच्या घरातले काका निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांच्या खळ्याच्या कडेला जुन्या पद्धतीचं पर्जन्यमापक आहे: पाच इंची तोंडाचं नरसाळं, खाली बाटली, मोजायला रेघांची काच. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा धरतात, म्हणून काका बरोबर साडेआठला छत्री घेऊन बाहेर येतात, बाटलीतलं पाणी काचेत ओततात, डोळा पाण्याच्या पातळीत आणून रेघ वाचतात आणि वहीत लिहितात. मृगापासून मी माझा आकडा त्यांना सांगू लागलो. माझा आकडा कायम चढा. त्यांचे चाळीस तर माझे पन्नास-एक्कावन्न. त्यांचे ऐंशी तर माझे शंभराच्या वर.

काका एवढंच म्हणाले, "अरे, रोजच कसा जास्त येतो तुझ्याकडे?"

प्रश्न तिथेच लावून धरला असता तर उत्तर मिळालं असतं. वारा, पागोळ्या, झाडाचा आडोसा असल्या भानगडी रोज वेगवेगळा फरक पाडतात. रोज एकाच प्रमाणात फरक पडतो तेव्हा मोजण्याच्या मापातच खोट असते. मला हे कळत होतं, कारण मी काकांच्या यंत्राबद्दल नेमका हाच तर्क लढवला. मोजायची काच ज्या नरसाळ्याची त्याच्याबरोबरच वापरावी लागते. काकांची जुनी काच कधीतरी फुटली असेल, दुसऱ्या मापाच्या नरसाळ्याची काच त्यांनी आणली असेल, मग प्रत्येक आकडा एकाच प्रमाणात कमी येणार, असं मी बायकोला जेवताना समजावून सांगितलं. निदान बिनचूक होतं. रोगी तेवढा चुकला होता.

काकांना मात्र मी २६ जुलै २००५ चा दाखला दिला. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३. पाऊस असा तुकड्या-तुकड्यांनी पडतो काका, तुमच्या खळ्यात आणि माझ्या स्लॅबवर वेगळा पडू शकतो. दाखला खरा, आकडे खरे. पण सांताक्रूझ आणि कुलाबा यांच्यात अख्खं शहर आहे आणि आमच्या दोन घरांत एक पाणंद. एका ढगफुटीत पडलेला फरक आणि चार महिने न चुकता पडणारा फरक यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे काकांच्या लक्षात आलं असणारच. ते काही बोलले नाहीत. वयानं मोठी माणसं कधी कधी गप्प बसतात आणि आपल्याला वाटतं की आपण वाद जिंकला.

तरी मनात कुठेतरी टोचत होतं म्हणून उघाडीच्या एका दुपारी परीक्षा घेतली. नरसाळ्याचं क्षेत्रफळ २०१ चौरस सेंटिमीटर, म्हणजे एक मिलिमीटर पावसाला साधारण २० मिलिलिटर पाणी. अर्धा लिटर ओतलं तर डिस्प्लेवर २५ यायला हवेत. तांब्यानं बारीक धार धरून दोनेक मिनिटांत अर्धा लिटर ओतलं. आकडा आला पंचवीसला थोडा कमी. मी बायकोला हाक मारून दाखवला, फोटो काढला.

दोन मिनिटांत २५ मिलिमीटर हा तासाला साडेसातशे मिलिमीटरचा वेग झाला. असा पाऊस कोकणातही पडत नाही. पेला लवंडायला अर्धा सेकंद जरी धरला तरी त्या वेळात वरची धार थांबत नाही, ती आधीच भरलेल्या पेल्यात पडून मोजणीशिवाय वाहून जाते. धार जितकी मोठी तितका चोरटा वाटा मोठा. माझ्या तांब्याच्या वेगाला तो जवळजवळ पाचवा हिस्सा होता. यंत्र सव्वापट दाखवत होतं, ओतण्यात पाचवा हिस्सा गळत होता, आणि दोन्ही मिळून पंचवीस. बँकेत उमेदवारीच्या काळात आम्हाला हेच शिकवलं होतं, की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असं समजू नका. एका बाजूला चुकून जास्त आणि दुसऱ्या बाजूला तेवढंच कमी पडलं तरी तेरीज जुळते, आणि जुळली म्हणून कोणी पुन्हा बघत नाही. पस्तीस मिळाले असते किंवा पंधरा, तर मी पुन्हा ओतलं असतं. पंचवीस आले म्हणून तांब्या विसळून ठेवला.

त्याच पावसाळ्यात, आर्द्रा नक्षत्रात, एका सकाळी माझ्या डिस्प्लेवर ७० आले. मी वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'अतिवृष्टी'. शब्द मुद्दाम वापरला होता. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारी कागदावर ती अतिवृष्टी होते आणि नुकसानीच्या पंचनाम्याचा मार्ग मोकळा होतो. खालच्या वाडीतल्या एकाचा बांध त्या रात्री फुटला होता आणि लावणीला आलेला तरवा वाहून गेला होता. तो माझा फोटो घेऊन तलाठ्याकडे गेला. तलाठी म्हणाले, मंडळाच्या यंत्रावर एवढा नाही. तो परत माझ्याकडे आला. मी त्याला ठासून सांगितलं की सरकारी यंत्रांची देखभाल कोण करतो, त्यांच्यावर काय विश्वास ठेवायचा. तो पुन्हा तलाठ्याकडे गेला आणि या वेळी माझे शब्द घेऊन गेला.

त्या दिवशी आमच्याकडे ५५ मिलिमीटर पाऊस पडला होता.

पावसाळा संपला तेव्हा माझी बेरीज चार हजार चारशेच्या वर गेली, काकांची साडेतीन हजारांच्या आसपास राहिली. पुण्याच्या एका नातेवाइकाला मी फोनवर सांगितलं की आमच्या वाडीत घाटमाथ्यासारखा पाऊस पडतो. पुण्यातल्या माणसाला आपल्या पावसाचा आकडा सांगण्यात वेगळाच आनंद असतो, त्यांच्या वर्षाच्या पावसाला आमचे जूनचे दोन आठवडे पुरतात.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात मी देखभालीचं सगळं रीतसर वाचलं. पाणी हळू ओतायचं असतं हे तेव्हा कळलं. बाटलीच्या झाकणाला टाचणीनं भोक पाडून अर्धा लिटर पाणी थेंबाथेंबानं जाऊ दिलं. त्याला तासाच्या वर गेला. डिस्प्लेवर ३१ च्या वर आकडा. आता यातून निष्कर्ष दोन निघू शकत होते. एक, मागच्या वर्षीची परीक्षा चुकली होती आणि मागच्या वर्षीचे सगळे आकडेही. दुसरा, वर्षभरात पेल्यांचे स्क्रू ढिले पडलेत. मी दुसरा काढला.

पेल्यांच्या खाली दोन टेकू-स्क्रू असतात. ते खाली घेतले की पेला अधिक कललेला बसतो आणि जास्त पाणी घेतल्याशिवाय लवंडत नाही. कारखान्यातून बसवून आलेल्या स्क्रूंना पाव-अर्ध्या आट्यात शेकडा दोन-चारची दुरुस्ती करायची असते. मी फिरवत गेलो, फिरवत गेलो, स्क्रू जवळजवळ शेवटच्या आट्यावर आले तेव्हा कुठे डिस्प्लेवर २५ उमटले. शेवटच्या आट्यावर आलेला स्क्रू काहीतरी सांगत असतो. मी त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, म्हणजे पुन्हा हलू नये.

गंमत अशी की त्यानंतर यंत्र बरोबर दाखवू लागलं. जूनभर माझे आणि काकांचे आकडे जवळजवळ सारखे येत होते. मी बायकोला म्हणालो, "यंदा काकांनी काच बदललेली दिसते."

जुलैच्या मध्यावर, तरण्या पावसात, डिस्प्लेच्या बॅटऱ्या संपल्या. नव्या घातल्या, तारीख-वेळ पुन्हा लावली. लगेच माझे आकडे घसरले. काकांचे शंभर तर माझे एकोणऐंशी. आता हा फरक मला अजिबात सहन होईना. आदल्या वर्षी फरक माझ्या बाजूचा होता तेव्हा पाऊस तुकड्या-तुकड्यांनी पडत होता. या वर्षी तो काकांच्या बाजूला गेल्याबरोबर यंत्रात बिघाड झाला.

बिघाड शोधायला गेलं की सापडतोच. नरसाळ्याच्या जाळीवर फणसाच्या पानाचा कुजका तुकडा होता. आत, पेल्याच्या आसाजवळ, कोळ्याचं जाळं होतं, आणि पन्हळीच्या कोपऱ्यात कुंभारणीनं मातीचं घर बांधायला घेतलं होतं. जाळ्याचा एक धागासुद्धा इतक्या हलक्या पेल्याला अडवू शकतो हे खरं आहे, पर्जन्यमापकं बिघडण्याचं ते नेहमीचं कारण आहे. मी सगळं साफ केलं. दुसऱ्या दिवशी डिस्प्लेवर १४० च्या वर आकडा आला आणि मी ग्रुपवर जाळ्याचा फोटो टाकून 'गुन्हेगार सापडला' असं लिहिलं. काका त्या आठवड्यात मुलाकडे ठाण्याला गेले होते, ताडून पाहायला वही नव्हती. पाऊस दणदणीत पडला होता एवढाच त्या आकड्याचा अर्थ. काका परत आले, पुन्हा शंभराला एकोणऐंशी.

मग रीड स्विचवर संशय. कधी कधी चुंबक लांब राहतो, पात्या चिकटत नाहीत, टिप चुकते. स्विच मागवला, जुना काढला. नव्याच्या तारा वाकवताना पक्कड काचेच्या अगदी जवळ धरली आणि नळी टचकन तडकली. तार काचेपासून लांब चिमट्यात धरून वाकवायची असते, हे त्या आवाजानंतर वाचलं. दुसरा येईपर्यंत यंत्र मुकं. तो बसवला, तर केबलच्या जोडात पाणी शिरलेलं दिसलं. जोड नवा केला. पाइप वाऱ्यात हलतो म्हणून तीन बाजूंनी ताण दिले. एकेक गोष्ट करून थांबायचं, दोन दिवस पाहायचं, मग पुढची करायची, एवढा साधा क्रम पाळला नाही. पाऊस वाया जातोय याची घाई. शेवटी काय बदललं आणि कशानं काय झालं हे मलाही सांगता येईना, आणि आकडा होता तिथेच.

इथवर केलेलं सगळं अडाणीपणात मोडतं. त्यानंतर जे केलं त्याला दुसरं नाव आहे. यंत्र बंद होतं त्या दिवसांच्या जागा माझ्या एक्सेलच्या फाइलमध्ये रिकाम्या होत्या आणि कमी आलेले दिवस मला खोटे वाटत होते. मी ते 'सुधारले'. काकांचा आकडा घेतला आणि त्याला सव्वानं गुणलं, कारण मागच्या वर्षीच्या माझ्याच नोंदींवरून माझ्याकडे त्यांच्या सव्वापट पाऊस पडतो हे सिद्ध झालेलं होतं! गुणून आलेला आकडा जुन्या आकड्यावरच टाइप केला. कुठे खूण नाही, शेरा नाही. ज्या माणसानं उभ्या नोकरीत एका क्लार्कला खाडाखोड करू दिली नाही, चुकलं तर एक रेघ मारा, वर बरोबर आकडा लिहा, सही करा, असं हजार वेळा सांगितलं, त्यानं हे केलं. काकांचं यंत्र खोटं म्हणायचं आणि गरज पडली की त्याच्याच आकड्यावर आपला इमला उभा करायचा, यातली विसंगतीही मला त्या वेळी दिसली नाही.

गणपतीला मुलगी पुण्याहून आली. तिला मी सगळी हकिगत सांगितली, जाळ्यापासून ताणापर्यंत. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बाबा, खालून पाणी कुठे जातं?" पेल्यांतून सांडलेलं पाणी स्लॅबवरच जात होतं. तिनं बुडाच्या भोकांखाली झाकणाचा डबा बांधला. सकाळी साडेआठला डब्यातलं पाणी औषधाच्या दुकानातून आणलेल्या मापानं मोजलं, तर ८०४ मिलिलिटर. भागिले २०१, म्हणजे चार सेंटिमीटर, ४० मिलिमीटर पाऊस. काकांच्या वहीत ३९.५. माझ्या डिस्प्लेवर ३१.४.

म्हणजे जाळी, नरसाळं, वारा, सगळे सुटले. पाणी आत येत होतं आणि पूर्ण येत होतं. मग ती म्हणाली, एका टिपेचे ०.२ तर ३१.४ म्हणजे १५७ टिपा. ८०४ मिलिलिटर पाणी १५७ टिपांत गेलं, प्रत्येक टिपेत पाच मिलिलिटरच्या वर. ०.२ मिलिमीटरला चार पुरतात. "पेले एवढे का भरतायत? कोणी फिरवले?" मी लाल ठिपक्यांकडे बोट दाखवलं. "का फिरवले?" कारण ते जास्त दाखवत होते. "कशावरून जास्त?" डिस्प्लेवरून.

ती माझ्या पहिल्या वर्षाच्या फाइलवर बसली. पहिल्या रिमझिमीच्या नोंदी पाहिल्या: ०.३, ०.५, ०.८, १.०, १.३, १.५. मी त्या नोंदी पन्नासदा पाहिल्या असतील. ती म्हणाली, "०.२ च्या टिपा मोजणाऱ्या यंत्रात ०.३ येईलच कसा? ०.२ नंतर ०.४, मग ०.६. विषम आकडा यायलाच नको." मग तिनं डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन मला तो प्रश्न दाखवला जो मी पहिल्या दिवशी न वाचता ओलांडला होता. आधी विचारतात, आकडे इंचात दाखवू की मिलिमीटरमध्ये. त्याचं उत्तर मी बरोबर दिलं होतं. त्यानंतर विचारतात, एका टिपेला किती पाऊस धरू, ०.०१ इंच की ०.२ मिलिमीटर. तोच प्रश्न पुन्हा विचारतायत असं वाटून मी पुढचं बटण दाबलं आणि पहिला पर्याय लागून बसला. ०.०१ इंच म्हणजे ०.२५४ मिलिमीटर. चार मिलिलिटरच्या प्रत्येक टिपेला मी ०.२५४ धरत होतो. सव्वापटीहून किंचित जास्त, नेमकं १.२७. पुढच्या वर्षी त्या खोट्या मापाला जुळावेत म्हणून मी चांगले पेले बिघडवले. आणि बॅटऱ्या काढल्या तेव्हा सेटिंग पुसलं जाऊन यंत्र आपण होऊन मूळच्या ०.२ वर परत आलं, म्हणजे खरं बोलू लागलं, तोवर पेले मोठे झालेले होते.

पहिल्या वर्षाचं भागलं. प्रत्येक आकडा १.२७ नं भागून तिनं शेजारच्या रकान्यात मांडला, मूळ रकाना तसाच ठेवला. बेरीज साडेतीन हजारांच्या आसपास आली, काकांच्या बेरजेला खेटून. दुसरं वर्ष मात्र गेलं. त्यात जूनचे बरोबर आकडे, जुलैपासूनचे कमी आणि माझ्या हातचे, हे सगळे एका रकान्यात मिसळलेले. हातचे थोडेफार ओळखता आले, कारण मी ते पूर्णांकात लिहिले होते, आणि यंत्राला एवढा गोल पाऊस रोज मिळत नसतो. पण सगळे ओळखू आले नाहीत. 'ही फाइल वापरू नये' असं नाव देऊन ती बाजूला ठेवली.

पेले पूर्ववत करायला मुलीनं सलाइनची नळी वापरली. तिच्या चाकानं थेंब हवा तितका मंद करता येतो आणि तासभर तसाच राहतो. डावा पेला चारला टेकला, उजवा किंचित कमी घेतो. यंदा माझ्याकडे आणि काकांकडे शेकडा तीन-चारचा फरक राहतो, मोठ्या सरींच्या दिवशी थोडा जास्त. त्यातला काही लवंडण्याच्या वेळेत गळणाऱ्या पाण्याचा, काही उंचावरच्या वाऱ्याचा. दोन्ही गोष्टी मला कमी आकडा देतात, हे आता पुस्तिकेशी जुळतंय. डबा खाली कायमचा बांधलाय.

ग्रुपवर मी लिहिलं की पहिल्या वर्षीचे माझे सगळे आकडे १.२७ नं भागावेत आणि दुसऱ्या वर्षीचे विसरावेत. एकानं विचारलं, मग तेव्हा आम्ही भिजलो ते सव्वापट भिजलो का? बाकीच्यांनी हसरे चेहरे टाकले. काकांना घरी जाऊन सांगितलं. त्यांनी काचेचा विषय काढला नाही. मी त्यांच्या काचेबद्दल घरात काय बोललो होतो हे बायकोनं काकूंना सांगितलं असणार, असा मला दाट संशय आहे.

तरवा गेलेल्या माणसाकडे मात्र ग्रुपवरच्या निरोपावर भागण्यासारखं नव्हतं. त्याच्या पडवीत बसून ७० आणि ५५ चं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ, पैसे तेव्हाच मिळणार नव्हते, ते सोडा. पण तुम्ही सांगितलंत म्हणून मी त्या तलाठ्याला चारचौघांत खोटारडा म्हटलं. ते आता कोणी परत घ्यायचं?" मी म्हणालो, दोघं जाऊ. सोमवारी दोघं कार्यालयात गेलो. खुर्चीवर एक नवीन बाई होत्या. तलाठ्यांची मे महिन्यातच बदली झाली होती, कुठे ते त्यांना सांगता येईना. आमचं काय काम आहे असं त्यांनी विचारलं, तेव्हा सातबाऱ्याचा उतारा हवा होता असं सांगून आम्ही तो घेतला आणि बाहेर आलो.